सरकारी वकिलाच्या घरात खून : १९३०च्या दशकातले स्वस्त अमेरिकन रहस्यपट कसे पाहावेत

रात्रीची वेळ. मोठं घर, जिना, पुस्तकांची खोली. घराचा मालक शहरातला डिस्ट्रिक्ट ॲटर्नी, म्हणजे सरकारी वकील. दिवे जातात, गोळीचा आवाज होतो, दिवे येतात तेव्हा गालिच्यावर कुणीतरी पालथं पडलेलं असतं. आणि हातात पिस्तूल घेऊन उभी असते ती वकिलाची मुलगी. कधी धाकटा भाऊ, कधी बायको. या माणसाने कायदा सांभाळायचा की घर, यावर पुढची पन्नास मिनिटं जातात. पासष्टाव्या मिनिटाला खुनी सापडलेला असतो, कुणाचं तरी लग्न ठरलेलं असतं आणि पडदा काळा होतो.

हॉलिवूडमधल्या छोट्या कंपन्यांनी १९३०च्या दशकात असे सिनेमे ढिगाने काढले. आज ते आंतरजालावर फुकट पडून आहेत. पण नव्याने पाहणारा माणूस बहुधा पंधरा मिनिटांत कंटाळतो. एकाच खोलीत माणसं उभी राहून बोलतायत, संगीत नाही, आवाज खरखरतोय. मीही असाच कंटाळून दोन-तीन सिनेमे अर्धवट सोडले होते. नंतर लक्षात आलं की मी त्यांच्याकडे मोठ्या सिनेमाचं छोटं रूप म्हणून बघत होतो, आणि तिथेच चुकत होतो. या सिनेमांत पैशाची चणचण हाच सगळ्यात बोलका साक्षीदार असतो. निर्मात्याने कुठे हात आखडला आणि कुठे नाइलाजाने चार डॉलर जास्त टाकले, एवढं नीट पाहिलं तरी गोष्ट कळते आणि पुष्कळदा खुनीही.

हे पाहणं जमवायचं कसं, ते पायरीपायरीने सांगतो. लागणारं सामान म्हणजे कागद, पेन्सिल आणि सिनेमा थांबवता येईल असा कुठलाही पडदा.

पायरी १ : आधी प्रत पारखून घ्या

सगळ्यात जास्त लोक इथेच घसरतात. एकाच सिनेमाच्या चार-पाच प्रती सापडतात आणि आपण पहिली दिसेल ती लावतो.

सिनेमाची मूळ लांबी आधी शोधा. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटची सूची आंतरजालावर खुली आहे. तिच्यात १९३०च्या दशकातल्या बहुतेक अमेरिकन कथापटांची लांबी, कलाकार आणि कथासार मिळतं. कथासार मात्र वाचू नका, त्यात खुन्याचं नाव असतं. फक्त मिनिटं बघा आणि पान बंद करा. मूळ सिनेमा ६५ मिनिटांचा आणि समोरची प्रत ५३ मिनिटांची असेल, तर ती जवळजवळ नक्की टेलिव्हिजनसाठी कापलेली आहे. टेलिव्हिजन नवा होता तेव्हा मोठ्या स्टुडिओंनी आपले जुने सिनेमे त्याला द्यायला नकार दिला. १९५०च्या दशकाच्या मध्यानंतरच त्यांनी ते विकायला काढले. तोवर वाहिन्यांची भूक छोट्या कंपन्यांच्या मालावर भागली. जाहिरातींसकट तासात बसावं म्हणून त्या सिनेमांवर कात्री चालली, १६ मिलिमीटरच्या प्रती निघाल्या, आणि मूळ ३५ मिलिमीटरची नायट्रेट फिल्म नष्ट झाल्यावर अनेक सिनेमांची तेवढीच खूण उरली. कापणाऱ्याला रहस्याशी देणंघेणं नव्हतं. त्याला दहा मिनिटं कमी करायची होती. म्हणून शेवटी ‘दुपारी तुम्ही ते पत्र जाळलंत!’ असा आरोप येतो आणि पत्र जाळताना आपण कुणालाच पाहिलेलं नसतं. दोष आपल्या स्मरणशक्तीला देऊ नका.

प्रत पूर्ण लांबीची असली तरी रिळांच्या सांध्यांकडे लक्ष ठेवा. ३५ मिलिमीटरचं हजार फुटांचं रीळ सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने साधारण ११ मिनिटं चालतं. पासष्ट मिनिटांचा सिनेमा म्हणजे सहा रिळं. थिएटरात रीळ चढवता-उतरवताना सगळ्यात जास्त फाटतं ते त्याचं सुरुवातीचं आणि शेवटचं टोक. फाटलेला तुकडा कापून उरलेलं चिकटवलं जाई. म्हणजे अकराव्या, बाविसाव्या, तेहतिसाव्या मिनिटाच्या आसपास माणूस दारातून निघून थेट खुर्चीत बसलेला दिसला, तर ती दिग्दर्शकाची शैली नव्हे, चिकटवलेला सांधा आहे. पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर गोल ठिपका चमकतो, तो रीळ बदलण्याचा इशारा. तो दिसला की वेळ टिपून ठेवा. संवाद नेमका तिथेच तुटला असेल तर दुसरी प्रत शोधणं फायद्याचं ठरतं. प्रत्येक प्रत वेगळ्या ठिकाणी फाटलेली असते.

चित्राचा आकार तपासायला अर्धं मिनिट पुरतं. १९३२ पासून हॉलिवूडने १.३७ रुंदी आणि १ उंची हे प्रमाण ठरवलं. आजच्या रुंद पडद्यावर चित्र दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या ठेवून दिसलं पाहिजे. चेहरे चपटे दिसत असतील तर ते ताणलेलं आहे. पट्ट्या नाहीत आणि माणसांचे कपाळ कापलेले दिसतात, तर वरखाली कात्री लावलेली आहे, आणि टेबलावर ठेवलेली वस्तू, म्हणजेच पुरावा, चौकटीबाहेर गेलेला असू शकतो.

आवाजासाठी कानाला हेडफोन लावा आणि वरच्या पट्टीतला आवाज थोडा उतरवा. खरखर कमी होते. यंत्राने आपोआप बनवलेल्या उपशीर्षकांवर विसंबू नका. जुन्या ध्वनिमुद्रणात ती नावांचा हमखास घोटाळा करतात, आणि रहस्यपटात नावच चुकलं की संपलं.

हे सिनेमे फुकट कसे, असा प्रश्न पडेल. त्या काळच्या अमेरिकन कायद्यात प्रताधिकार आधी २८ वर्षांचा असे. अठ्ठाविसाव्या वर्षी अर्ज करून तो वाढवावा लागे. १९३५च्या सिनेमासाठी हा अर्ज १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला करायचा, तोवर अर्ज करायला कंपनीच शिल्लक नव्हती. असे सिनेमे सार्वजनिक झाले. इंटरनेट आर्काइव्हवर ते याच वाटेने आले. नुसतं पाहायचं असेल तर एवढं पुरे. तुकडा कापून स्वतःच्या कामात वापरायचा असेल, तर मूळ कथेचा हक्क वेगळा जिवंत असू शकतो, तेव्हा अमेरिकन प्रताधिकार कार्यालयाच्या छापील नोंदी जरूर चाळा. त्याही स्कॅन करून ठेवलेल्या आहेत.

पायरी २ : साल ओळखा, निदान जुलै १९३४च्या अलीकडचं की पलीकडचं एवढं तरी

श्रेयनामावलीत बहुधा रोमन आकड्यांत साल असतं. प्रत अस्पष्ट असेल तर इतर खुणा शोधा. पंख पसरलेला गरुड दिसला तर सिनेमा १९३३ ते १९३५ मधला. तो रूझवेल्ट सरकारच्या नॅशनल रिकव्हरी ॲडमिनिस्ट्रेशनचा शिक्का. मे १९३५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यामागचा कायदा रद्द केला आणि गरुड उडाला. सरकारी वकिलाच्या घरात उघडपणे दारूची सुरई दिसते आणि कुणी तिच्यावर विनोद करत नाही, तर बहुधा दारूबंदी उठली आहे, म्हणजे ५ डिसेंबर १९३३ नंतरचा काळ. टेलिफोनवरून साल ओळखायचा मोह आवरा. श्रीमंताच्या दिवाणखान्यात नवा फोन आणि पोलिसचौकीत खांबासारखा उभा जुना, हे एकाच सिनेमात सर्रास दिसतं. सामान जे भाड्याने मिळेल ते.

जुलै १९३४ महत्त्वाचा का? हॉलिवूडची आचारसंहिता, म्हणजे पडद्यावर काय दाखवायचं आणि काय नाही याचे नियम, १९३०ची, पण चार वर्षं ती कागदावरच होती. १९३४च्या उन्हाळ्यात ती राबवण्याचा कारभार जोसेफ ब्रीन या माणसाच्या हाती आला आणि मंजुरीच्या शिक्क्याशिवाय मोठ्या स्टुडिओंच्या थिएटरांत सिनेमा लागेना. छोट्या कंपन्याही मुकाट्याने पटकथा पाठवू लागल्या. श्रेयनामावलीत प्रमाणपत्राचा क्रमांक दिसला की समजायचं, हा ब्रीनच्या हाताखालून गेलेला माल.

प्रेक्षक-गुप्तहेरासाठी याचा अर्थ सरळ आहे. शिक्क्याआधीच्या सिनेमात खुनी सुटू शकतो. मेलेला माणूस हरामखोर असेल, तर सरकारी वकील घरच्या माणसाकडे काणाडोळा करून खिडकीबाहेर बघू शकतो. शिक्क्यानंतर ते नाही. खुन्याला शिक्षा, नाहीतर मरण. कायद्याचा रखवालदार हास्यास्पद किंवा विकाऊ दाखवणंही अवघड झालं. म्हणजे १९३४ नंतरच्या सिनेमात खुद्द सरकारी वकीलच खुनी असण्याची शक्यता फार कमी. आणि त्याची गोड मुलगी पहिल्याच रिळात पिस्तुलासकट सापडली असेल, तर तिने गोळी झाडलेली नाही हे घड्याळ लावून सांगता येतं, कारण नायकाशी तिचं लग्न व्हायचं आहे.

पायरी ३ : डी. ए. म्हणजे नक्की कोण, ते समजून घ्या

‘सरकारी वकील’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शासनाने नेमलेला माणूस येतो. अमेरिकेतला डिस्ट्रिक्ट ॲटर्नी, बोलीभाषेत डी. ए., बहुतेक राज्यांत काउंटीच्या मतदारांनी निवडून दिलेला असतो. पोलिसांनी पकडलेल्या माणसावर खटला चालवायचा की नाही, कुठला आरोप ठेवायचा, कुणाला माफीचा साक्षीदार करायचं, हे तो ठरवतो. आणि दर काही वर्षांनी मतं मागायला जातो. त्यामुळे घरात खून झाला की दारात पोलिसांच्या आधी वार्ताहर पोचतात, हे पटकथाकाराचं आळशीपण वाटलं तरी त्याला आधार आहे. डी. ए.चं घर म्हणजे अर्धं निवडणूक कार्यालय. यातल्या पात्रांच्या तोंडी ‘पुढचा गव्हर्नर’ हे शब्द येतात तेही हवेतून नाही. थॉमस ड्यूईला १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या गव्हर्नरने विशेष अभियोक्ता नेमलं, १९३६ मध्ये त्याने लकी लुचियानो या बड्या गुंडाला तुरुंगात धाडलं, १९३७ मध्ये तो मॅनहॅटनचा डिस्ट्रिक्ट ॲटर्नी म्हणून निवडून आला, १९४२ मध्ये गव्हर्नर म्हणून निवडून आला आणि पुढे दोनदा राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिला.

दुसरी बाजू हॉलिवूडवाल्यांच्या तर उंबऱ्यातच होती. लॉस एंजेलिसचा डिस्ट्रिक्ट ॲटर्नी एसा कीज १९२९ मध्ये लाच घेतल्याबद्दल दोषी ठरला आणि ज्या सॅन क्वेंटिन तुरुंगात त्याने माणसं पाठवली होती तिथेच गेला. त्याच्यावर खटला चालवणारा, त्याच्या जागी निवडून आलेला ब्यूरन फिट्स. १९३४ मध्ये खुद्द फिट्सवर खोट्या साक्षीचा आरोप ठेवला गेला. पुढे तो निर्दोष सुटला आणि १९४० पर्यंत पदावर राहिला. या सिनेमांच्या पटकथा ज्या शहरात घाईघाईने टंकल्या जात होत्या, त्या शहराच्या रोजच्या वर्तमानपत्रात हे चालू होतं. सज्जन डी. ए. पाहून प्रेक्षक हसत असतील का, हा विचार माझ्या मनात दर वेळी येतो.

आता कागद काढा. घरातल्या प्रत्येक माणसाचं नाव लिहा आणि पुढे एकच गोष्ट टिपा : या माणसाला वकिलाविरुद्ध साक्ष द्यायला लावता येईल का? त्या काळच्या अमेरिकन कायद्यात नवऱ्याविरुद्ध बायकोला आणि बायकोविरुद्ध नवऱ्याला, बहुतेक ठिकाणी, साक्षीच्या पिंजऱ्यात खेचता येत नसे. भाऊ, मुलगा, मुलगी, मेहुणा यांना असं कवच नाही. पटकथाकारांना हे पक्कं माहीत होतं. बायकोवर संशय असेल तर नवरा गप्प बसू शकतो आणि नाट्य विझतं. भावावर असेल तर त्याला तोंड उघडावंच लागतं. म्हणून या सिनेमांत धाकटे भाऊ आणि मुली इतक्या वेळा अडकतात. आणि मधेच एखादं जोडपं धावतपळत लग्न उरकतं तेव्हा त्यामागे प्रेम किती आणि साक्ष टाळणं किती, हे विचारून घ्यावं.

खरा डी. ए. अशा प्रकरणातून बाजूला होईल आणि दुसरा अभियोक्ता नेमला जाईल. सिनेमात तो बाजूला होत नाही, कारण मग दुसऱ्या नटाला पैसे द्यावे लागतील. एखाद्या सिनेमात त्याने खरोखर राजीनामा टेबलावर ठेवला, तर त्या पटकथाकाराला मनातल्या मनात सलाम करा.

कायद्याच्या आणखी काही बारीकसारीक गोष्टी माहीत असल्या की संवाद उलगडतात. ‘चेअर’ची धमकी दिली तर गोष्ट बहुधा न्यूयॉर्कमधली, कारण तिथे सिंग सिंग तुरुंगात विजेची खुर्ची होती. कॅलिफोर्नियात तेव्हा फाशी होती आणि १९३८ मध्ये विषारी वायूची कोठडी आली. न्यूयॉर्कच्या ग्रँड ज्युरीत, म्हणजे खटला भरावा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळात, १६ ते २३ माणसं आणि आरोप ठेवायला १२ मतं लागतात. ‘बारा मतं मिळाली’ हे वाक्य म्हणजे दोषी ठरल्याचा निकाल नव्हे, फक्त खटला उभा राहिला. गप्प बसण्याच्या हक्काची सूचना संशयिताला कुणीच देत नाही याने दचकू नका, ती सक्ती १९६६ मध्ये आली. आणि सूक्ष्मदर्शकाखाली दोन गोळ्या शेजारी ठेवून बघणारा तज्ज्ञ दिसला तर तेव्हाच्या प्रेक्षकासाठी ती नवलाई होती. कॅल्विन गोडार्डने १९२९च्या शिकागोतल्या सेंट व्हॅलेंटाइन डे हत्याकांडात गोळ्यांवरच्या रेषा जुळवून दाखवल्या होत्या, त्याला मोजकीच वर्षं झाली होती.

पायरी ४ : पैशाचा माग काढा

आता मुख्य काम. हे सिनेमे काढणाऱ्या कंपन्यांची वस्ती हॉलिवूडमध्ये गॉवर स्ट्रीटच्या आसपास. लोक तिला पॉव्हर्टी रो म्हणत, म्हणजे कंगालांची रांग. मोनोग्राम, मॅस्कॉट, मॅजेस्टिक, टिफनी, चेस्टरफील्ड, इन्व्हिन्सिबल ही त्यातली नावं. मंदीच्या काळात थिएटरवाल्यांनी एका तिकिटात दोन सिनेमे द्यायला सुरुवात केली आणि दुसरा, स्वस्त सिनेमा पुरवायला या कंपन्या होत्या. गंमत अशी की मोठ्या सिनेमाला गल्ल्याचा टक्का मिळे, या दुसऱ्याला ठरावीक भाडं. सिनेमा उत्तम काढला म्हणून एक पैसा जास्त मिळत नसे. म्हणजे नफा फक्त खर्च कमी ठेवण्यात. चित्रण काही दिवसांत, फार तर दोनेक आठवड्यांत आटपायचं. १९३५ मध्ये तर यांच्यातल्या बऱ्याच कंपन्या हर्बर्ट येट्सने एकत्र करून रिपब्लिक पिक्चर्स उभी केली. येट्सची फिल्म धुण्याची प्रयोगशाळा होती आणि या मंडळींची तिथे उधारी साचलेली. उधारीतून स्टुडिओ जन्माला आला.

या अर्थकारणाची खूण चौकटीचौकटीत दिसते. कॅमेरा लांब ठेवून चार माणसांचा प्रसंग एका दमात घेतलेला, कारण प्रत्येक नवा कोन म्हणजे दिवे हलवायचे आणि वेळ घालवायचा. नट अडखळला तरी तसंच ठेवलेलं. संगीत फक्त श्रेयनामावलीवर, तेही बहुधा तयार साठ्यातून उचललेलं. फोनवर बोलणारा एकच माणूस दिसतो, पलीकडचा दिसत नाही, म्हणजे एक नट आणि एक खोली वाचली. खटला वर्तमानपत्राच्या मथळ्यात उरकलेला. पोलिसांच्या गाड्या धावतात तो तुकडा दुसऱ्याच कुठल्या सिनेमातला. आणि खून अंधारात, कारण अंधाराला भाडं नसतं.

सरकारी वकिलाचंच घर का, याचं अर्धं उत्तरही इथेच आहे. चेस्टरफील्ड आणि इन्व्हिन्सिबल या कंपन्यांना स्वतःचा स्टुडिओ नव्हता, त्या युनिव्हर्सलच्या जागा भाड्याने घेत. तिथे मोठ्या सिनेमासाठी बांधलेले दिवाणखाने, जिने उभेच असत. श्रीमंत घराचा देखावा आयता मिळाला. त्या घरात राहणारा माणूस असा हवा की पोलिस, वार्ताहर, गुन्हेगार, वकील सगळे आपणहून त्याच्याकडे येतील आणि कॅमेऱ्याला दारही ओलांडावं लागणार नाही. डी. ए.इतका सोयीचा घरमालक दुसरा नाही.

आता ही खतावणी उलटी वाचा. जिथे काटकसरीचा नियम मोडलाय तिथे थांबा.

क्लोज-अप मोजा. सगळा सिनेमा लांबून घेतलेला असताना एखाद्या वस्तूचा, म्हणजे कागद कापायची सुरी, हातमोजा, घड्याळ, यांचा स्वतंत्र क्लोज-अप आला, तर कुणीतरी त्यासाठी दिवे हलवलेत. ती वस्तू टिपा. मोठ्या स्टुडिओच्या सिनेमात अशी वस्तू फसवी असू शकते. इथे फसवण्यासाठी खर्च करायला पैसे नसतात.

खोल्या मोजा. दिवाणखाना, पुस्तकांची खोली, जिना, डी. ए.चं कार्यालय, एखादी चौकी. यापलीकडे पाचवी-सहावी खोली फक्त एका प्रसंगासाठी दिसली, तर ती सजावट म्हणून नाही. जिच्यात आपण एकदाच गेलो ती खोली ज्याची, त्याच्या नावापुढे फुली मारा.

पण सगळ्यात भरवशाची युक्ती नटांची. कंपनीला थिएटरबाहेरच्या पाटीवर लावायला एखादं ओळखीचं नाव लागे आणि परवडत असे ते मूकपटांच्या काळात गाजून आता मागे पडलेलं. एव्हलिन ब्रेंट, बेटी कॉम्पसन, हेन्री वॉल्थॉल, कॉनवे टर्ल ही अशीच माणसं. अशा नटाला काही दिवसांचे पैसे मोजलेत. आता बघा, त्याच्याकडे काम किती आहे? पाटीवर नाव मोठं, पण पहिल्या चाळीस मिनिटांत तो फक्त दारात उभा राहून ‘भयंकर आहे हे!’ एवढंच म्हणतोय, तर त्याचं खरं काम शेवटच्या दहा मिनिटांसाठी राखून ठेवलेलं आहे. उलट, पहिल्या मिनिटापासून डोळे बारीक करून हिंडणारा बटलर निर्दोष असतो. त्याला तेवढ्याचेच पैसे मिळालेत.

या घरगुती प्रकारात माझा अनुभव असा की संशय रक्ताच्या नात्यापासून सुरू होतो आणि खुनी निघतो घरात ऊठबस असलेला परका : वकिलाचा सहायक, जुना मित्र, घरचा डॉक्टर, राजकीय पाठीराखा. कारण घरच्याला दोषी ठरवलं तर शेवट कडू होतो. आचारसंहितेलाही हाच शेवट सोयीचा.

पायरी ५ : तीन चतुर्थांशावर थांबा

पासष्ट मिनिटांचा सिनेमा असेल तर अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला थांबवा. खुन्याचं नाव, हेतू आणि एक पुरावा लिहा. मनात ठरवून चालत नाही. मन नंतर सोयीस्कर बदलतं. दोन-चार जण मिळून पाहत असाल तर चिठ्ठ्या घड्या करून ठेवा आणि मगच पुढे चला. सगळे संशयित एका खोलीत बोलावले जातात त्या प्रसंगाआधीच थांबायला हवं, नाहीतर मजा गेली. तो प्रसंग कुठे येतो हे कळायची सोपी खूण : अधिकारी म्हणतो, ‘कुणीही घर सोडून जायचं नाही’, आणि कॅमेरा पुन्हा दिवाणखान्यात येतो.

एकदा मी पाटीवरच्या नावाची युक्ती लावून मोठ्या आत्मविश्वासाने डॉक्टरचं नाव लिहिलं होतं. डॉक्टर खरंच शेवटपर्यंत काही करत नव्हता, आणि शेवटीही त्याने काही केलं नाही. नंतर कळलं, मी पाहिलेली प्रत नऊ मिनिटांनी तोकडी होती आणि गेलेली नऊ मिनिटं त्याचीच होती. पायरी १ पहिली का, ते यावरून समजेल.

दुसऱ्यांदा पाहणं ऐच्छिक आहे, पण पाहिलंत तर आवाज बंद करून पाहा. शब्द नसले की कोण कुणाच्या शेजारी उभं केलंय आणि अंधार होताना कोण दिव्याच्या बटणाजवळ होतं, हे उघडं पडतं.

पायरी ६ : खटकेल ते खटकू द्या

या सिनेमांत काळ्या नटांना बहुधा घाबरट नोकराचं काम मिळे आणि त्यांच्या भीतीवर हशा पिकवला जाई. मँटन मोरलँडसारखा अफाट विनोदी वेळ साधणारा नट याच चौकटीत अडकला. तो प्रसंग पुढे ढकलून देऊ नका. एक तर पुष्कळदा सगळ्यात आधी प्रेत पाहणारा तोच असतो, आणि गोरी पात्रं त्याचं ऐकत नाहीत म्हणून तपास वीस मिनिटं लांबतो. वकिलाच्या बायकोची तऱ्हाही तशीच. तिला चक्कर येते, तिला खोलीत पाठवतात, आणि तिला माहीत असलेली गोष्ट शेवटपर्यंत कुणी विचारतच नाही.

पायरी ७ : त्या वेळचे लोक काय म्हणाले ते वाचा

सिनेमा संपल्यावरच हे करा. मीडिया हिस्टरी डिजिटल लायब्ररी नावाचा खुला संग्रह आहे. त्यात त्या काळची धंद्याची नियतकालिकं पानापानाने स्कॅन करून ठेवलीत. सिनेमाचं नाव अवतरणचिन्हांत घालून शोधा. सापडलं नाही तर दिग्दर्शकाचं आडनाव आणि साल. टेलिव्हिजनवर किंवा पुन्हा प्रदर्शित करताना पुष्कळ सिनेमांची नावं बदलली गेली, म्हणून हाती असलेलं नाव मूळचं असेलच असं नाही.

समीक्षकांपेक्षा मला ‘मोशन पिक्चर हेरल्ड’ मधलं एक सदर आवडतं. त्यात गावोगावचे थिएटरमालक स्वतः लिहून कळवत : हा सिनेमा माझ्याकडे कसा चालला. कलेबद्दल अवाक्षर नाही. पाऊस होता, शनिवारी लावला, जोडीला घोडेस्वारांचा सिनेमा होता, लोक झोपले किंवा नाही झोपले. ज्या माणसासाठी हा माल बनवला त्याचं हे मत. दिवाणखान्यातलं रहस्य चाललं की पडलं, हे त्याला खिडकीवरच्या गल्ल्यातून कळत होतं.

तिथून परत येऊन सिनेमाचं शेवटचं दीड मिनिट पुन्हा लावा आणि घड्याळ धरा. खुन्याला बेड्या पडण्यापासून वार्ताहराच्या शेवटच्या विनोदापर्यंत किती सेकंद जातात ते मोजा. इतका वेळ जिच्यावर खुनाचा आळ होता त्या मुलीशी बाप एक तरी वाक्य बोलतो का, तेही बघा. बोलत असेल तर त्या दिवशी चित्रणाला थोडा वेळ उरला होता.